हातात न गेलेला चुडा

माझ्या लेकीला ल्युपस आहे. शरीराची राखण करणारी ताकद तिच्याच सांध्यांवर, मूत्रपिंडांवर उलटते. आजार बराच काळ शांत राहिल्यावर, डॉक्टरांना विचारूनच तिनं मूल होऊ द्यायचं ठरवलं. सातव्या महिन्यात ती माहेरी आली. गोळ्यांच्या वेळा, तपासण्या, पथ्य, सगळं मी आखून ठेवलं होतं. मन मात्र आखता येईना. पाय सुजले तर ते गरोदरपणामुळं की आजारामुळं? काहीच उमगेना. रविवारी डोहाळजेवण होतं, सोमवारी तपासणी. शनिवारी सकाळी कर्णपुऱ्याच्या देवीला गेले.

ओटी भरताना मागणंच सुचेना. शेजारी पाचोडकडची एक अनोळखी बाई होती. "कोणासाठी आल्या, ताई?" मी सांगितलं. तिनं देवीच्या पायाला लावलेला हिरवा चुडा पुढं केला. "माप काय लेकीचं?"

"सव्वादोन."

"मंग ह्योच न्या. सुनंसाठी आणला व्हता, तिला दुसरा घेईन. पर आजच भरा बरं, देवीचं शिळं करू नाय."

घरी येऊन चुडा भरायला बसले. बांगडी अंगठ्याखालीच अडली. साबण लावला, तेल लावलं. "आई, हात आहे तो, बोरवेलचा पाइप नाही!" लेक हसली. मी जोर केला आणि बांगडी पिचली. देवीनं दिलेलं देवीनंच नाकारलं? मला रडूच आलं. माझी समजूत घालता घालता लेक स्वतःच्या हाताकडं बघत राहिली. "मागच्या आठवड्यात याच मापाच्या घातल्या होत्या गं. आणि सकाळपासून डोकं ठणकतंय. म्हटलं, तुला कशाला सांगू."

सोमवारची वाट न पाहता दवाखाना गाठला. रक्तदाब फार वाढला होता, लघवीतून प्रथिनं जात होती. ल्युपस उसळला की गरोदरपणातला रक्तदाब, हे डॉक्टरबाईंनाही लगेच सांगता येईना. दोन्ही सारखंच दिसतं म्हणाल्या. तिला तिथंच भरती केलं. पुढं बाळ लवकर काढावं लागलं. चिमुकली नात काचेच्या पेटीत, लेक वेगळ्या मजल्यावर. कोणाजवळ थांबावं तेही कळेना. जिन्यातच उभी राहून देवीला म्हटलं, "मला काही समजत नाही. तुझं तू बघ."

दोघी सुखरूप घरी आल्या. बांगडी अडली, तो देवीचा इशारा होता की नुसती सूज, हे मला आजही सांगता येत नाही. लेक म्हणते, सूजच. असेल. गोळी मी चुकू देत नाही, तपासणी टळू देत नाही; पुढं काय, हे मात्र देवीला विचारत नाही. नात कुशीत झोपते तेव्हा हात जोडावेसे वाटतात, पण हात रिकामे नसतात.