वनमालाबाईंच्या नावाचा डबा

चायनीजच्या दुकानात भात गिऱ्हाइकानं घरून आणायचा, असा नियम जगात दुसरीकडं कुठं असेलसं वाटत नाही. चीनमध्ये तर नक्कीच नसेल. पण आदिलाबादेत, कापसाच्या जिनिंग गिरणीजवळच्या गल्लीत मोतीरामचं जे पार्सल सेंटर होतं, तिथं तो होता. दिवेलागणीला बायका स्टीलचे डबे घेऊन यायच्या, फळीवर ठेवायच्या, "मिरची कमी" नाहीतर "सांबार जास्त" एवढं सांगून घरी जायच्या. सांबार म्हणजे कोथिंबीर, तिकडं तिला तेच म्हणतात. मोतीराम तो भात कढईत टाकायचा, कोबी, गाजर, लसूण आणि काळा सॉस घालून मोठ्या आचेवर उडवायचा आणि ज्याचा त्याच्या डब्यात परत भरायचा. परगावचा पाहुणा हे बघून चक्रावून जाई. गल्लीला त्यात काही वावगं वाटत नसे.

मोतीराम मूळचा भैंशाजवळच्या मुधोळकडच्या खेड्यातला. घरी कापूस आणि ज्वारी, वाटेकरी तीन भाऊ, आणि याला शेतीची ओढ उन्हाळ्यात विहिरीला पाणी असतं तेवढीच. तो नांदेडला पळाला आणि स्टेशनजवळच्या एका चायनीजच्या गाडीवर भांडी घासायला लागला. तिथला उस्ताद नेपाळी होता. शिकवणं त्याला ठाऊक नव्हतं. चुकलं की पळी मनगटावर बसायची, एवढंच त्याचं शिक्षण. त्यातून मोतीराम तीन गोष्टी शिकला. आच मोठी ठेवायची, भात गार झालेला घ्यायचा, आणि कढई तापली की कुणाशी बोलायचं नाही.

लग्न झाल्यावर त्यानं स्वतःची बंडी, म्हणजे हातगाडी, काढली. भैंशाला लावली, तर रस्ता रुंद झाला आणि बंडी गेली. निर्मलला लावली, तर धंदा बसतो न बसतो तोच जागेच्या मालकाला आपल्या मेहुण्याच्या पानठेल्याची आठवण झाली. दोनदा उठवलेला माणूस तिसऱ्यांदा बसताना जमीन चाचपून बसतो. आदिलाबादेत त्याला पहिल्यांदाच डोक्यावर छप्पर असलेली खोली मिळाली. पोरगी जवळच्या शाळेत जायला लागली. बायको जयवंता त्याला म्हणाली, आता काई झालं तरी हितून हलाचं नाई. मोतीरामलाही तेच हवं होतं.

खोली होती वनमालाबाईंची. त्यांचे यजमान व्यंकटराव तहसिलीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद ठेवणारे कारकून, होते. ते गेल्यावर मागं राहिलं ते पेन्शन, हैदराबादला नोकरीत रमलेला मुलगा, आणि रस्त्याकडची ही खोली. अंडं आणि मटण उंबऱ्याच्या आत येता कामा नये, या एका अटीवर बाईंनी ती दिली. स्वतःपुरता मात्र त्यांचा आणखी एक नियम होता. पाण्यात शिजवलेलं अन्न दुसऱ्या घरचं खायचं नाही. तेला-तुपात तळलेलं, परतलेलं चालेल. सख्ख्या जावेच्या घरी लग्न निघालं तरी बाई पुरी आणि जिलबी खाऊन उठायच्या, वरणभाताला हात लावायच्या नाहीत. त्यांच्या आईचा हाच नियम होता, आजीचाही. कारण कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मिळालंही नसतं.

सुरुवातीला धंदा यथातथाच होता. मंचुरिया पोरं न्यायची. नूडल्स न्यायचे ते निवृत्त मास्तर नरसिंगराव. त्यांना तो शेवयांचाच प्रकार वाटे, आणि घरी जाऊन ते त्यावर दूध-साखर घेत. मोतीरामनं भीत भीत सांगून पाहिलं, तर मास्तर म्हणाले, मग उद्यापासून त्यात सॉस घालत जाऊ नकोस. फ्राइड राइसकडं मात्र कुणी ढुंकून बघेना. भात तर घरोघर असतोच, तो विकत कोण घेणार?

पण लसूण मोठ्या आचेवर पडला की त्याचा वास भिंतीला जुमानत नाही. तो रोज संध्याकाळी खिडकीतून थेट वनमालाबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायचा. बाईंनी चातुर्मास संपेपर्यंत कळ काढली. तुळशीचं लग्न झालं, आणि दोनच दिवसांनी बाई पदर सावरत दुकानाच्या फळीपाशी उभ्या राहिल्या. हातात डबा होता.

"हा आमच्या घरचा भात हाये," त्या म्हणाल्या. "तुझ्या कढईत परतून दे. परतलेलं मला चालते."

मोतीरामनं परतून दिला. बाईंनी तो घरी नेऊन दार लावून खाल्ला, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुन्हा आल्या. पेशकारीणबाई जे करतात ते गल्लीत प्रमाण मानलं जाई. आठवड्याभरात फळीवर डब्यांची रांग लागली. ज्यांना कसलाही विधिनिषेध नव्हता तेही भात घरूनच आणू लागले, कारण सकाळचा उरलेला भात सत्कारणी लागत होता. मोतीराम फक्त परतण्याचे पैसे घ्यायचा. त्याला तांदळाचा खर्च नाही, शिजवायचा त्रास नाही, आणि उस्ताद म्हणायचा तसा गार, मोकळा भात आयता हातात. देव पावतो तो असा.

डबे ओळखायचं काम जयवंताचं. कुणाचं झाकण घट्ट आहे, कुणाची कडी तुटली आहे, तिला तोंडपाठ. ती नसली की मोतीराम डब्यावरची नावं वाचायचा. भांड्यांवर नावं घालायची रीत घरोघर आहेच. लग्नात आलेलं, बारशाला आलेलं, मामानं दिलेलं, सगळं त्यावर कोरलेलं असतं. त्यात चूक व्हायला जागाच नव्हती.

ती झाली एका शनिवारी. जयवंता भावाच्या साखरपुड्याला माहेरी गेली होती. फळीवर डब्यांची ही गर्दी, आणि ऐन वेळी लाइट गेली. मोतीरामनं मेणबत्ती लावली, घाम पुसत एकेक डबा परतला आणि झाकणं लावून ओळीनं ठेवला. वनमालाबाई आल्या. त्यानं मेणबत्ती जवळ धरून नाव वाचलं, 'सौ. वनमाला व्यंकटराव', आणि डबा त्यांच्या हातात दिला. बाई गेल्या.

सगळी गर्दी सरल्यावर बयनाबाई आली. ही मागच्या गल्लीत राहणारी, जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाणारी. नातवंडांनी हट्ट धरला म्हणून ती त्या दिवशी पहिल्यांदाच डबा ठेवून गेली होती. उरलेला एकच डबा मोतीरामनं तिच्यापुढं सरकवला. तिनं तो फिरवून पाहिला, झाकण उघडून आत पाहिलं.

"हा माहा डबा नोहे," ती म्हणाली. "माह्या डब्याचं झाकण चेपेल हाये. आन माहा भात कंट्रोलच्या दुकानातल्या तांदळाचा व्हता, जाडा. हा त लय बारीक हाये."

मोतीरामनं मेणबत्ती जवळ नेली. डब्यावर नाव होतं, सौ. वनमाला व्यंकटराव. एकाच नावाचे दोन डबे कसे, हे त्याला समजेना. बयनाबाईनं ते शांतपणे समजावून सांगितलं. पेशकारसाहेब होते तेव्हा वनमालाबाई संक्रांतीला हळदीकुंकू करायच्या. एका वर्षी त्यांनी मागच्या गल्लीतल्या बायकांनाही बोलावलं होतं, आणि वाण म्हणून प्रत्येकीला एकेक डबा दिला होता, नाव घालून. बयनाबाईचा हा तोच डबा. व्यंकटराव गेले आणि हळदीकुंकू बंद झालं, पण डबे राहिले ना.

मोतीराम खुर्चीत बसला. जावेच्या घरचा भात न खाणाऱ्या बाईला त्यानं जिनिंगच्या मजुरणीच्या घरचा भात खाऊ घातला होता. बयनाबाई म्हणाली की सांगू नका, भात तो भात, पोटात गेल्यावर कोण ओळखते. मग घरी पोरं वाट बघत होती म्हणून ती समोरचा डबा उचलून चालती झाली.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. न सांगितलं तर कदाचित काहीच होणार नव्हतं. सांगितलं तर खोली जाणार, पोरीची शाळा जाणार, आणि जयवंता माहेराहून येईल ती पुन्हा सामान बांधायलाच. बाईंचा नियम त्याला स्वतःला कधी पटला नव्हता. पण त्या म्हाताऱ्या बाईनं आयुष्यभर सांभाळलेली गोष्ट विश्वासानं त्याच्या कढईत टाकली होती, आणि आता तो तिला फसवायला बसला होता. हे त्याला सहन होईना. तो उठला आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली.

बाई कंदिलाजवळ बसल्या होत्या. डबा समोर रिकामा होता, अगदी कडेचा कणसुद्धा उरला नव्हता. मोतीराम बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या की आज जरा तिखट झालं, पण बरं लागलं. त्यामुळं त्याला बोलणं आणखीच जड गेलं.

"काकू, मी तुमाले सांगाले आलो," तो म्हणाला. "डबा बदलला. तुमी खाल्ला तो भात बयनाबाईच्या घरचा व्हता."

बाईंनी डबा उचलून कंदिलापाशी नेला. चेपलेल्या झाकणावरून बोट फिरवलं, मग नावावरून. त्यातही 'सौ.' या अक्षरावर ते बोट जरा थांबलं. मोतीरामला वाटलं, आता ऐकावं लागणार.

"बयनीकडं हा अजून हाये?" त्यांनी एवढंच विचारलं.

त्यानं होकारार्थी मान हलवली. मग त्या म्हणाल्या की जा, गॅस चालू ठेवून आला असशील. मोतीराम आला तसा परत गेला. खोली राहिली की गेली, ते त्याला कळलं नाही.

दुसरा दिवस त्यानं कसा काढला ते त्यालाच ठाऊक. दुपारी जयवंता आली. तिला सगळं सांगितलं तर ती नुसती कोबी चिरत बसली, आणि गरजेपेक्षा दुप्पट कोबी चिरली गेली. दिवस मावळायच्या आधीच बयनाबाई घाईघाईनं येऊन वनमालाबाईंचा डबा देऊन गेली. मोतीरामनं उचलून पाहिला, तर जड. झाकण काढलं, तर काठोकाठ भात, जाडा. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे बयनाबाईला कुणी शिकवायला नको होतं. पण कालच्या प्रकारानंतर तोच भात पुन्हा बाईंपुढं ठेवायचा? मोतीरामनं तो डबा गुपचूप फळीखाली सरकवला आणि वर फडकं टाकलं.

तेवढ्यात वनमालाबाई आल्या. त्यांच्या हातात चेपलेल्या झाकणाचा डबा होता, घासून लखलखीत केलेला. त्यांनी तो फळीवर ठेवला. तोही भरलेला होता.

"हा परतून बयनीला दे," त्या म्हणाल्या. "रिकामा डबा कसा पाठवायचा? मिरची जरा जास्त घाल, तिला तिखट लागते."

जयवंतानं सुरी खाली ठेवली. मोतीराम हो म्हणाला आणि उभाच राहिला. बाईही हलल्या नाहीत. त्या वाण दिल्याला किती वर्षं झाली ते आठवू लागल्या. व्यंकटरावांनी स्वतः नांदेडहून डबे आणले होते, आणि नाव घालण्यावरून दोघांचं भांडणही झालं होतं. हा खर्च कशाला, असं बाईंचं म्हणणं. असू दे, नाव राहते, असं त्यांचं. ते गेल्यावर कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही आणि बाईंनीही कुणाला बोलावलं नाही. लोकांनी डबे केव्हाच मोडीत घातले असतील, असं त्या धरून चालल्या होत्या. हे सांगताना त्यांनी चेपलेलं झाकण पुन्हा एकदा पदरानं पुसलं.

"काकू, मंग खोली..." मोतीरामला राहवलं नाही.

"खोलीचं काय?" बाई म्हणाल्या. "माझा डबा आला का नाई, ते सांग."

मोतीरामनं जयवंताकडं पाहिलं. तिनं वाकून फळीखालचं फडकं काढलं आणि डबा वर ठेवला. बाईंनी झाकण उघडून आतला जाडा भात पाहिला. मग उजेडात डबा फिरवून वरचं नाव एकदा वाचलं.

"नाव तर माझंच हाये," त्या म्हणाल्या. "परतून दे बाबा. मला भूक लागली."

मोतीरामनं कढई चढवली आणि लसूण टाकला. बाई आपल्या ओसरीवर जाऊन डब्याची वाट बघत बसल्या.