बहिणीच्या हाताचं माप

माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने आमच्या धाकट्या बहिणीला फसवलं, आणि त्यासाठी मला वापरून घेतलं. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात आजही लोक याला भावाभावांचं भांडण म्हणतात. भांडणात दोन्हीकडचं थोडंथोडं चुकलेलं असतं. माझी किंवा बहिणीची यात काय चूक होती, ते मला अजून कोणी दाखवून दिलेलं नाही.

मी सत्तरच्या दशकात बहारीनला आलो तो बिगारी म्हणून. सिमेंटची घमेली वाहिली, मग एका एसी मेकॅनिकच्या हाताखाली राहिलो, आणि सहा-सात वर्षांनी मनामा शहरातल्या नईम भागात जुने एसी आणि फ्रिज घेऊन, दुरुस्त करून विकण्याचं माझं स्वतःचं दुकान झालं. कागदावर मालक माझा कफील, म्हणजे इथला अरब जामीनदार, पण सौदा सगळा माझा. मी भाव करायला लागलो की समोरचा पंख्याखाली सरकतो, असं लोक म्हणायचे. राग मला लवकर येतो, तेही म्हणायचे.

त्या दुकानाच्या जिवावर मी गावात घर बांधलं आणि बहिणीच्या नावावर केलं. ती सव्विसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली होती. दादा शेजारच्या जुन्या घरात बायकोबरोबर राहायचा. माझं लग्न झालं नव्हतं, मला घराची घाई नव्हती. तिला मात्र कोणी 'ऊठ इथून' म्हणू नये, एवढंच मला हवं होतं.

बहीण चौथीपर्यंत शिकलेली. महिन्याला तिचं पत्र यायचं. गोल गोल अक्षरात कोंबड्यांच्या तक्रारी, पावसाच्या तक्रारी, वहिनीच्या तक्रारी. मग एका दिवाळीनंतर पत्रं दादाच्या अक्षरात यायला लागली. तिला कामातून सवड नसते, म्हणून मीच लिहितो, असं त्याने लिहिलं होतं. इतक्या वर्षांत त्याने मला कधी चार ओळी लिहिल्या नव्हत्या. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

पण त्या पत्रांनी माझी झोप उडवली. वरच्या वाडीत दरोडा पडला. एका म्हातारीच्या कानातली फुलं ओढून नेली, कानाच्या पाळ्या फाटल्या. आपल्या परसात पावलं उमटलेली दिसली. बाई एकटी घरात आहे हे त्यांना ठाऊक आहे. ती उशाखाली विळा घेऊन झोपते. असं प्रत्येक पत्रात. मी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून ती पत्रं वाचायचो. समुद्रापलीकडे बसलेला माणूस काय करणार? नुसता वाचणार.

मी त्या वर्षी सगळं आवरून कायमचा परत जायचं म्हणत होतो. कायमचं परतणाऱ्याला सामानात एक पिस्तूल नेता येतं, असं तेव्हा आमच्यातले सगळे सांगायचे. दादालाही ते कुठूनतरी कळलं. त्याने लिहिलं, तालुक्याला माझी ओळख आहे, एकट्या विधवेच्या नावाने परवाना लगेच होईल, तू येताना घेऊन ये. पुढे लिहिलं होतं, चांगलं मोठं आणि जड घे, बघूनच माणूस पळाला पाहिजे.

इथे माझा धंदेवाईक स्वभाव आडवा आला. ज्याच्या हातात बसत नाही ते अवजार विकत घेऊ नये, हे मी पाना-पक्कडीवर शिकलो होतो. बहिणीचे हात अगदी लहान. तिच्या लग्नात कासाराने बायकांच्या बांगड्या बाजूला ठेवून पोरींच्या मापाची जुडी सोडली होती. असल्या हाताला मोठं पिस्तूल काय कामाचं? मी दादाला कळवलं, तिचा हात कागदावर ठेवून पेन्सिल फिरवा आणि तो कागद पाठवा. आमच्याकडे यात नवल काही नव्हतं. चपला मागवायच्या तर गावातले लोक पाय वर्तमानपत्रावर ठेवून रेघ मारून पाठवायचे. माझ्या खणात अर्ध्या गावाची पावलं होती.

तीन आठवड्यांनी वहीचा फाडलेला कागद आला. त्यावर उजव्या हाताची पाच बोटं. मी तो एकदा बघितला, किती लहान आहे म्हणून हसलो, आणि खिशात घातला.

मनामाच्या सूकमध्ये, जुन्या बाजारात, शिकारीच्या सामानाचं एक दुकान होतं. मालक म्हातारा बहारीनी, तरुणपणी मुंबईला येऊन-जाऊन असलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा. त्याचं रोजचं काम म्हणजे ससाणे पाळणाऱ्यांसाठी जाड चामड्याचे हातमोजे शिवणं. परवान्याने तो बंदुकाही विकायचा. पिस्तूल हातात मिळणार नाही, पोलिसांचं सील लागून ते थेट विमानतळावर जाईल, हे त्याने आधीच बजावलं.

कपडा अंथरून त्याने तीन ठेवली. एक मोठं पिस्तूल, एक तळहातात मावणारं छोटं, आणि एक आखूड नळीचं रिव्हॉल्वर. मी लगेच छोट्याकडे हात नेला. त्याने मान हलवली. याचा वरचा भाग मागे ओढायला ताकद लागते, लहान हाताच्या बाईची तिथेच पंचाईत होते, आणि वजनाला हलकं असलं की झटका जास्त बसतो. मोठ्याची मूठ जाड, तिची बोटं पुरी वळणारच नाहीत. रिव्हॉल्वरची मूठ लाकडी होती, ती घासून बारीक करता येईल. मनगट न फिरवता पहिल्या बोटाचं पेर चापावर टेकलं पाहिजे, बाकी सगळं नंतर, असं तो म्हणाला.

मी रिव्हॉल्वरचा भाव करायला बसलो. नळीवर ओरखडा दाखवला. मूठ घासायचे वेगळे पैसे देणार नाही म्हणालो. उठून दारापर्यंत गेलो, परत आलो. मला मजा येत होती, हे लिहायला लाज वाटते. बहिणीचा हात त्या कपड्यावर पडला होता आणि मी पाव तास घासाघीस करत होतो.

अखेर म्हाताऱ्याने माप बघायला रिव्हॉल्वर त्या कागदावर ठेवलं. मग उचलून बाजूला केलं. कागद दाराच्या उजेडात नेला. बहिणीचं वय काय, त्याने विचारलं. बत्तीस, मी म्हटलं. सांधे सुजण्याचा आजार आहे का? नाही. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "ये उंगली किसने तोडा?"

मला वाटलं हा भाव चढवायची काही युक्ती करतोय. मी भडकलो. माझ्या बहिणीबद्दल बोलायचं काम नाही, म्हणून काउंटरवर हात आपटला. त्याने मागून पत्र्याचा डबा आणला आणि हातमोज्यांच्या गिऱ्हाइकांची दहा-बारा मापं माझ्यासमोर पसरली. मोठे हात, जाडे हात, म्हाताऱ्यांचे हात. सगळ्यांची बोटं सरळ. मग त्यांच्या शेजारी आमचा कागद ठेवला. अंगठ्याशेजारच्या बोटाची रेघ मधल्या पेराशी फुगून अंगठ्याकडे कलली होती. आजाराने सगळी बोटं सुजतात, तो म्हणाला, हे एकच आहे. मोडलं, आणि कोणी बांधलं नाही.

"गुस्सा मेरे पे मत करो, भाई. जिसने तोडा, उसको पूछो."

मी काही न घेता बाहेर पडलो. सूकमधून चालताना एकच विचार डोक्यात फिरत होता. दरोडेखोरांनी बोट मोडलं असतं, तर दादाने ते पानभर लिहिलं असतं. म्हातारीचे कान लिहिले, परसातली पावलं लिहिली, मग बहिणीचं मोडलेलं बोट का नाही लिहिलं? आणि बहिणीची पत्रं बंद कधी झाली? दिवाळीनंतर. बोट मोडलेला माणूस पेन धरू शकत नाही. सात महिने ती पत्रं माझ्या खणात पडून होती आणि माल बघून खोट काढणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गावातल्या सोसायटीच्या ऑफिसात ट्रंककॉल लावला आणि दादा आणि बहीण दोघांना बोलावून घ्यायला सांगितलं. दोन तासांनी लाइन लागली. बूथमध्ये रिसीव्हर घामाने निसटत होता. मला ओरडायचं होतं. पण मी ओरडलो असतो तर फोन ठेवून तो तिच्याबरोबरच घरी जाणार होता. मी जन्मात कुठल्याही सौद्यात चेहरा इतका लपवला नसेल, आणि तो बघायला समोर कोणी नव्हतंही. माल बघितला, असं मी दादाला हसत सांगितलं, आणि बहिणीला फोन द्यायला लावलं.

"बरी हायेस का गं?"

"बरी हाय, भाऊ."

काय विचारावं कळेना. तो शेजारी उभा असणार. मी विचारलं, "भाकरी थापतीस का न्हाय अजून?"

"वहिनी थापती."

माझ्या घरात, माझ्या बहिणीच्या चुलीवर, तिच्यासाठी वहिनी भाकरी थापते. आयुष्यात त्या बाईने दुसऱ्यासाठी पाण्याचा तांब्या भरला नव्हता. मी दादाला फोनवर घेतलं. सांगितलं की मोठं, जड पिस्तूल ठरवलंय, पण परवान्याच्या वेळी साहेबासमोर तिला स्वतः चालवून दाखवावं लागेल, तेव्हा तिला नीट खाऊपिऊ घाल, मी येईपर्यंत तिची तब्येत उतरता कामा नये. हे सगळं खोटं होतं. मग तो म्हणाला, व्हय, व्हय, घालतो की.

कफीलकडून पासपोर्ट काढून घ्यायला आणि तिकीट मिळायला नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांबद्दल मी जास्त लिहीत नाही. आपण तिला वाचवलं की आपल्या प्रश्नाने तिचं गुपित फोडलं, हेच मोजत बसायचो.

ती जिवंत होती. एवढं बघून मी अंगणातच बसलो. मग तिने सांगितलं. दरोडा कुठे पडलाच नव्हता. वरच्या वाडीतल्या ज्या म्हातारीचे कान फाटले म्हणून मी रात्री जागलो, ती मला भेटली, कानात फुलं घालून. दादाला घर स्वतःच्या नावावर हवं होतं. दिवाळीत त्याने बक्षीसपत्राचा कागद आणला. बहीण शिकलेली, आधीच्या सगळ्या कागदांवर तिची सही, त्यामुळे अंगठा चालणार नव्हता. त्याने तिच्या हातात पेन कोंबलं. तिने मूठ मिटून घेतली. त्याने एकेक बोट उघडायला सुरुवात केली आणि पहिल्याच बोटाशी ते झालं. डॉक्टरकडे नेलं नाही. हळद लावून फडकं गुंडाळलं.

आणि माप? "दादा म्हणला, डावा ठेव. मी म्हणलं, बंदूक उजव्या हातानं धरत्यात. मग गप पेन्सिल फिरवली त्यानं."

मी दादाच्या दारात गेलो. त्याने बायकोसमोर, शेजाऱ्यांसमोर सांगितलं की ती ओट्यावरून घसरली, पहिल्यापासूनच वेंधळी आहे. मी त्याच्या अंगावर धावलो. चौघांनी मला धरलं. त्याला कोणी धरलं नाही. घरातलं घरात मिटवा, असं जाणत्या लोकांनी सांगितलं. पोलीस पाटील म्हणाला, सात महिन्यांपूर्वीच्या बोटाची आता काय तक्रार लिहायची. मी घराला कुलूप घातलं आणि कायमचं परतायचा विचार सोडला. बहिणीला बहारीनला आणण्यासाठी कफीलच्या किती पायऱ्या झिजवल्या ते मला माहीत. आम्ही इथल्याच हमद टाउनला राहायला गेलो. त्या बोटाला इथल्या डॉक्टरांनी फार उशीर झाला म्हणून सांगितलं. ती आता डाव्या हाताने लिहिते. पहिल्या वर्षी दाराची बेल वाजली की ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची, दार मीच उघडायचो.

पिस्तूल तालुक्यातल्या कुणाला तरी विकायचं दादाने कबूल केलं होतं, असं नंतर कानावर आलं. असेल. पण मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती अजून गेलेली नाही. परवाना बहिणीच्या नावाने होणार होता. हत्यार तिच्या हाताच्या मापाचं, मी स्वतः निवडून, मूठ घासून आणलेलं असतं. ज्या घरात तिने सही करायला नकार दिला, त्याच घरात ते राहणार होतं. एकटी विधवा, दरोड्याच्या भीतीने मन ठिकाणावर नव्हतं, असं लिहून ठेवलेली त्याची पत्रं माझ्याच खणात. उद्या त्या पिस्तुलाने तिचा जीव गेला असता, तर तिने स्वतःच केलं म्हणून ती पत्रं मीच पुरावा म्हणून नेऊन दिली असती.

हे मी सिद्ध करू शकत नाही. त्याला ते ठाऊक आहे, म्हणून तो आजही चावडीवर पुढे बसतो.

दादा, घसरली वगैरे मला सांगू नकोस. बोटाचं मला कळलं आहे. तू एवढंच सांग, चारचौघांत, तिच्या तोंडाकडे बघून: ते पिस्तूल घरात आल्यावर तू काय करणार होतास? आणि त्या दिवशी मला धरणाऱ्या चौघांनीही सांगावं, त्याला धरायला तुमच्यापैकी एकही जण का उठला नाही?