तिथीची पाऊणपट

कोपरच्या खाडीला आमचा बांध होता आणि बांधात उघाडी. उघाडी म्हणजे बांधाला ठेवलेलं लाकडी दार. ओहोटी लागली की फळ्या उचलायच्या, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरती चढायच्या आत फळ्या खाचेत सोडायच्या, नाहीतर खारं पाणी भातात शिरतं. हे काम नवऱ्याकडे होतं. तो गेल्यावर माझ्याकडे आलं. गावातल्या पुरुषांना ते रुचलं नाही, पण बांधावरच्या घरात एकटं राहायला दुसरं कोणी तयार नव्हतं. मला मूलबाळ नाही. शाळा चौथीपर्यंत.

भरतीचा हिशेब सासूने शिकवलेला. तिथीची पाऊणपट करायची आणि आमच्या खाडीसाठी वर दीड तास धरायचा, कारण समुद्राचं पाणी इथवर यायला तेवढा वेळ घेतं. दुज असली तर दोनाची पाऊणपट दीड, वर दीड, म्हणजे तीन वाजता पाणी पूर्ण भरणार. फळ्या दोन तास आधी, एकला. गावातले लोक बांधावरून ओरडून वेळ विचारायचे, मी घरातून ओरडून सांगायचे. दिवसभरात माझं माणसांशी तेवढंच बोलणं व्हायचं.

मग मानपाड्याहून एक सर यायला लागले. तिथल्या तांत्रिक शाळेत वीज शिकवायचे. त्यांना उघाडीत चाक बसवायचं होतं. ओहोटीचं पाणी बाहेर पडताना चाक फिरणार, चाकाला डायनामो, त्यावर बल्ब.

गावकी बसली. माझा चुलतदीर गावात मोठा. तो म्हणाला, "सर, खाडीचं पाणी काय तुमचा नोकर आहे?"

"नोकर नाही हो, ते जातंच आहे ना, जाता जाता एवढं काम करेल."

"आणि फळ्या टाकायच्या वेळी चाक मध्ये आलं तर?"

सरांनी चाकाला दोर बांधून कप्पीवरून घेतला आणि माझ्या हातात दिला. "मावशी, ओढा." मी ओढला. चाक वर आलं. बाई एका हाताने ओढते म्हटल्यावर पुरुषांना हो म्हणावं लागलं.

बल्ब माझ्या घरात लागला. तो तिथीवर चालायचा. कधी भर दुपारी लागायचा, कधी स्वयंपाकाला नेमका नसायचा. बायका हसायच्या, "दिवसा दिवा लावून बसली गं ही." मला त्या उजेडाचं फार काही नव्हतं. सर रविवारी यायचे, चहा घ्यायचे, तास दोन तास बोलत बसायचे, ते मला हवं होतं. शनिवारी मी जमीन सारवून ठेवायचे.

त्याच सुमाराला खाडीत रेती काढणाऱ्या बोटी वाढल्या. आधी माणसं बुडी मारून घमेल्याने काढायची. आता पंप आले. दिवसभर घरघर चालायची.

सरांनी उघाडीशेजारी रंगाच्या खुणा केलेली काठी रोवली होती. पाणी कुठल्या खुणेला किती वाजता आलं ते वहीत लिहायचे. एका रविवारी म्हणाले, "मावशी, पाणी तुमच्या हिशेबाच्या आधी येतंय. अर्धा तास तरी."

"तुमचं घड्याळ पुढे असेल."

"घड्याळ बरोबर आहे. रेती काढून खाडी खोल झालीय. पाण्याला आता वाट मोकळी आहे. तुमचा दीड तास धरू नका, तासच धरा."

"माझ्या सासूने केस पांढरे केले या खाडीवर. तुम्ही काठी रोवून वर्ष नाही झालं."

ते हसले आणि चहा प्यायले. मी तोच दीड तास धरत राहिले.

पुढच्या वर्षी आषाढ सरता सरता पाऊस लागला तो तीन दिवस थांबला नाही. चौथ्या दिवशी श्रावणातली दुज, उधाणाचे दिवस. घासलेट संपलं होतं. एक वाजायला वेळ होता म्हणून फळ्या वर, चाक खाली तसंच ठेवून मी कोपरला रेशनच्या दुकानात गेले. साडेबाराला परतले तर घरात बल्ब लागलेला. माझ्या हिशेबाने ओहोटीचा जोर तेव्हा संपलेला असायला हवा होता. उघाडीवर धावले. चाक उलटं फिरत होतं. खाडी आत येत होती.

दोर ओढला. चाक सरळ वर आलं. पण फळ्या त्या लोंढ्यात खाचेत बसेनात. दोन मोडल्या. मग उघाडीच्या बाजूची माती सुटली आणि बघता बघता बांध दोन्हीकडून ढासळला. भाताची लावणी नुकतीच झालेली. सगळ्या शेतावर गढूळ खारं पाणी.

लोक आले. चुलतदिराने लोंबणाऱ्या चाकाकडे पाहिलं. "वहिनी, चाक अडकलं ना?"

मी म्हणाले, "हं."

खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी उघाडी माझ्याकडून गेली असती, आणि उघाडीसोबत घर.

रविवारी सर आले. लोकांनी त्यांना बांधावरच धरलं, तोंडाला येईल ते बोलले. ते ऐकून घेत उघाडीपर्यंत आले. कप्पी फिरवून पाहिली, दोर हातातून सरकवून पाहिला. दोन्हींना काही झालेलं नव्हतं.

"मावशी, ओढलंत तेव्हा वर आलं नाही?"

"नाही आलं," मी म्हणाले. लोक ऐकत होते.

ते माझ्याकडे बघत राहिले. वही त्यांच्या पिशवीत होती, ती त्यांनी काढली नाही. "बरं," म्हणाले. चाक सोडवलं, सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि गेले. चहाला थांबा असं मी म्हणाले नाही.

उघाडी माझ्याकडे राहिली. बांध पुन्हा घातला, पण जमिनीतला खार उतरला नाही. दोन वर्षं भात पिवळा पडून मेला. मग एकेकाने जमिनी चाळी बांधणाऱ्यांना दिल्या, वर भराव पडला. मी आणखी एक वर्ष वेळेवर फळ्या टाकल्या आणि उचलल्या. तास धरूनच. मागे शेत नव्हतं. बांधावरून वेळ विचारायला कोणी येत नव्हतं.

त्यानंतर एकदा मी मानपाड्याला गेले, शाळेच्या फाटकापर्यंत. कोणत्या तरी खिडकीतून सरांचा आवाज येत होता, पोरांना काहीतरी पुन्हा पुन्हा समजावत होते. मी भिंतीला टेकून ऐकत उभी राहिले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. घंटा झाली, खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, आणि कोणी बाहेर यायच्या आत मी निघाले.