अक्कांनी पाठवलेले मार्क

“मशीन एकदम ओके आहे, सर. अक्कांनी मार्क पाठवलेच नसतील.”

शिरपूरच्या एका कॉलेजात, सगळ्या स्टाफसमोर मी हे बोलून गेलो.

मी धुळ्याचा. कॉलेजांची लिनक्स मशीन सांभाळतो. त्या दिवशी एका अख्ख्या वर्गाचे प्रॅक्टिकलचे मार्क परीक्षेच्या पोर्टलवर पोचलेच नव्हते. सगळी पोरं गैरहजर दिसत होती. परीक्षा विभागाच्या सुनंदाअक्का पुन्हापुन्हा सांगत होत्या, “पाठवलेत हो भाऊ. ‘सबमिट झालं’ असं आलं होतं स्क्रीनवर.”

वेबसाइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा नंबर शोधून देतं ते डीएनएस. नंबर चुकला की माहिती भलतीकडेच जाते. मी अक्कांच्या मशीनवर थेट डीएनएसला नंबर विचारणारी ‘डिग’ कमांड मारली. नंबर बरोबर आला. झालं, मी हात झटकले! प्राचार्यांनी अक्कांना मेमो दिला. मार्क दुसऱ्या मशीनवरून भरले, पोरं सुटली. अक्कांनी मात्र मुदतीआधीच रिटायरमेंट घेतली.

दोन महिन्यांनी त्याच मशीनवर नव्या क्लार्कचीही तीच रड. या वेळी ‘पिंग’ करून मशीन खरंच कुठल्या नंबरवर जातं ते पाहिलं, तर नंबर वेगळाच! होस्ट्स फाइल उघडली. नाव आणि नंबर हातानं लिहून ठेवायची ही फाइल. मशीन डीएनएसला विचारायच्या आधी हीच बघतं. डिग मात्र हिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आणि आत पोर्टलचा जुना नंबर, मीच लिहिलेला. एकदा डीएनएस बंद पडलं होतं, तेव्हा संध्याकाळी काढू म्हणून टाकला आणि विसरलो. पुढे पोर्टल नव्या सर्व्हरवर गेलं, पण जुना चालूच होता. अक्कांचे मार्क त्यानं घेतले आणि ठेवून दिले.

भडगावला अक्कांच्या घरी गेलो. सगळं सांगून माफी मागितली. त्यांनी आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, “बठ्ठास्ना समोर बोलना ना तू, भाऊ? मंग आठे कसाले सांगस?”

सगळ्यांसमोर बोललास, मग इथे येऊन का सांगतोस!

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना म्हटलं, “सर, स्टाफ मीटिंगमध्ये पाच मिनिटं द्या.”

“कशाला उकरून काढता? बाई रिटायर झाल्या, विषय संपला.”

माझं कॉन्ट्रॅक्ट त्यांच्याच सहीवर चालायचं. मी मुकाट्यानं उठलो. त्याची अजून लाज वाटते.

आता कुणाला दोष देण्याआधी मी स्वतःनं केलेले बदल तपासतो. त्या ऑफिसात मात्र आजही, अक्कांनी मार्क पाठवलेच नव्हते असंच समजतात.