भुऱ्या गाढव आणि माझा अर्धा चेहरा

"कपाळाला आठ्या घाला," डॉक्टर म्हणाले.

"तिच्या कपाळावर त रोजच असतात," शेजारच्या खुर्चीवरून आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

मी आठ्या घातल्या. डॉक्टरांनी टेबलावरचा आरसा माझ्यासमोर धरला. डाव्या बाजूला आठ्या होत्या, उजव्या बाजूचं कपाळ इस्त्री फिरवल्यासारखं सपाट. मग त्यांनी डोळे मिटायला सांगितले. डावा मिटला, उजवा उघडाच राहिला. दात दाखवायला सांगितले, तर सगळं तोंड डावीकडे पळालं.

"बेल्स पाल्सी," डॉक्टर म्हणाले. "चेहरा हलवणारी नस कानामागून येते. तिला सूज आली आहे, म्हणून त्या बाजूचे स्नायू काम करत नाहीत. हा मेंदूचा झटका नाही. त्यात बहुतेक वेळा कपाळ हलतं. तुमचं हलत नाही, आणि हातापायांत ताकद चांगली आहे."

कपाळ हलत नाही ही चांगली बातमी आहे, हे माझ्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली, तर ही परीक्षा घरच्या घरी करून निश्चिंत बसू नका. तोंड वाकडं झालं की तडक दवाखाना गाठा. औषध लवकर सुरू होणं फार महत्त्वाचं असतं.

सुरुवात कानापासून झाली होती. आम्ही अमडापूरला राहतो आणि मी चिखलीच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. गाड्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि माइकवरून घोषणा करायच्या. रोज गाडीने जाणं-येणं, खिडकीचं वारं लागलं असेल, असं म्हणून मी उजव्या कानामागच्या ठणक्याकडे दुर्लक्ष केलं. एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून आपोआप बाहेर आलं. चहा साडीवर सांडला, आणि जो पोटात गेला त्याला चव नव्हती. तरी मी ड्यूटीवर गेले. दाढेचं दुखणं असेल, असं वाटलं.

माइक हातात घेतला आणि पुण्याच्या गाडीची घोषणा केली. बाहेर पडलं ते "फुणे". ओठ नीट मिटतच नव्हते, वारा निसटत होता. पुन्हा म्हटलं. पुन्हा फुणे.

एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी आले. "मॅडम, हे फुणे कोठी आलं जी?"

मी हसायला गेले आणि माझ्या सोबतीच्या कंडक्टरबाईंचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, तुमचं तोंड बघा," त्या म्हणाल्या. त्यांनीच माझ्या नवऱ्याला, प्रकाशला, फोन लावला.

घरी पोचेपर्यंत गल्लीत बातमी पसरली होती की मला लकवा झाला. एका शेजारणीने कबुतराचं रक्त चोळायचा उपाय सांगितला. आत्याबाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं. "कबुतरानं काय बिघडोलं तुह्यं? जाय घरी." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं खामगावला होतो.

आधी शुगर आणि बीपी तपासलं. मग सूज उतरवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांना स्टेरॉइड म्हणतात. नावाला घाबरून मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तशाच कमी करत आणायच्या. खरी राखण करायची ती डोळ्याची. पापणी मिटत नाही म्हणून बुबुळ कोरडं पडतं आणि त्याला जखम होऊ शकते. दिवसा थेंब, झोपताना मलम, वरून कागदी चिकटपट्टी. घराबाहेर काळा चष्मा. उजव्या कानाला सगळे आवाज दुपटीने ऐकू यायचे. कुकरची शिट्टी झाली की मी दचकून उठायचे.

सुट्टी संपल्यावर मी कामावर गेले, पण साहेबांनी मला पासच्या खिडकीवर बसवलं. त्यांचं चुकलं नाही. अमडापूर, बुलढाणा, मेहकर, खामगाव, आमच्या भागात ओठ मिटल्याशिवाय गाडी कुठेच जात नाही. माझ्या जागी दुसरं कुणी घोषणा करायचं आणि मी खिडकीत मान खाली घालून, तोंडाला रुमाल बांधून शिक्के मारायचे. माझा आवाज ओळखणारे प्रवासी होते. बाजारात भाजी घेताना लोक वळून बघायचे, "तुम्ही स्टँडवरच्या मॅडम ना?" तो आवाज परत येईल की नाही, हे कुणी खात्रीने सांगत नव्हतं. बहुतेकांचा येतो, एवढंच डॉक्टर म्हणत. बहुतेकांत आपण आहोत का, हा प्रश्न घेऊन मी झोपायचे.

फिजिओथेरपी, म्हणजे स्नायूंच्या व्यायामाचा उपचार, करणाऱ्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी मला आरशासमोर बसवलं. "जोर लावायचा नाही. हळू, अगदी हळू. प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं. रोज मोठ्याने वाचा."

"काय वाचू?"

"आवडेल ते. नाहीतर दोन दिवसांत सोडून द्याल."

मी पेपर वाचून पाहिला. अपघात, खून, भाववाढ. अर्ध्या चेहऱ्याने मोठ्याने वाचल्यावर बातम्या आणखीच वाईट वाटतात. हे मी देऊळगाव राजाला माझ्या भावाला फोनवर सांगितलं. आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांनी आमच्यासाठी आणलेली पुस्तकं भावाने जपून ठेवली होती. त्याने खोकं बांधून चिखलीच्या गाडीत ठेवलं आणि ते माझ्याच स्टँडवर माझ्याच सहीने उतरलं.

खोकं उघडल्यावर वरच भुऱ्या होता. कुंभाराच्या गाढवाची ती गोष्ट मी लहानपणी किती वेळा वाचली असेल, सांगता येणार नाही. ओझ्याला कंटाळलेलं भुऱ्या गाढव एक दिवस ठरवतं की आज मडकी विकायची नाहीत, मालकच विकायचा. आणि धोतराचा सोगा दातांत धरून कुंभाराला बाजारात नेतं. मुखपृष्ठ गेलं होतं, पानांना वास होता, आणि एका पानावर माझ्या लहानपणच्या बोटाचा तेलकट ठसा तसाच होता.

मी पडवीत आरसा मांडला आणि वाचायला लागले. "वुऱ्या गाढव वाजाराला निघालं."

आत्याबाई पलीकडे तुरीची डाळ निवडत होत्या. "वुऱ्या कोण व्हय?"

"भुऱ्या. गाढव."

"मंग? काऊन निघालं ते?"

"मालकाला विकायला."

डाळीतला त्यांचा हात थांबला. "बरं केलं," त्या म्हणाल्या. "वाच पुढं."

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण आमच्या दोघींचं बोलणं भाजी, पाणी आणि पाहुणे यांच्यापलीकडे फारसं गेलं नव्हतं. भांडण नव्हतं, नुसतं जमलं नव्हतं. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. लहान मुलांची पुस्तकं लहानपणी त्यांना कुणी वाचून दाखवलीच नव्हती. त्या ऐकायला लागल्या ते असं, जसं शेजारच्या घरात भांडण चाललंय आणि आपल्याला जाऊन सोडवायचंय. गिऱ्हाइकाने कुंभाराचे दात तपासले तेव्हा त्या गिऱ्हाइकावर ओरडल्या. "काय करू शकतो हा?" या प्रश्नावर भुऱ्याने "माती तुडवतो, कमी खातो, शिव्या मात्र भरपूर देतो" असं उत्तर दिलं, तेव्हा डाळीचं सूप उपडं होईपर्यंत हसल्या. "असा एक मीबी विकला असता," म्हणाल्या. सासऱ्यांच्या फोटोकडे त्यांनी तेव्हा बघितलं नाही.

सगळीच पुस्तकं आठवणीत होती तेवढी चांगली निघाली नाहीत. राजाराण्यांच्या गोष्टींचं एक जाड पुस्तक मी मोठ्या हौसेने काढलं. पहिल्या गोष्टीत गोरी राणी आणि काळी, कपटी दासी. दुसऱ्या गोष्टीतही तेच. तिसरी सुरू झाली तसं आत्याबाईंनी हात वर केला.

"थांब. काळी म्हणजे वाईट, हे कोणं सांगतलं? मी काळी हाय. तू बी काई गोरी नाही."

लहानपणी हे पुस्तक वाचताना मी कायम राणी व्हायचे. चित्रात बघितलं तर माझ्यासारखी दिसणारी दासीच होती, आणि हे इतक्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो, सकाळ-संध्याकाळ जय भीम, आणि मी मात्र गोऱ्या राणीच्या रांगेत उभी.

"मग काय करू? ठेवून देऊ?"

"काऊन ठेवतं? दासीले राणी कर. तुले कोण पाह्यते?"

तसं केलं. दोन दिवस त्या राजवाड्यात कुणाचा कुणाला पत्ता नव्हता. राजा रोज वेगळ्याच बाईला हाक मारायचा. पण गोष्टी चांगल्या झाल्या.

आणि काही ठिकाणी उलटं झालं. भुऱ्याच्या पुस्तकात एक प्रकरण मी लहानपणी स्वतः वाचताना नेहमी गाळायचे, कारण पुढे पूर येतो आणि मडकी तरंगत जातात, ती मजा आधी हवी असायची. गाळलेल्या प्रकरणात बाजार उठतो. कुंभाराला कुणीच घेतलेलं नसतं. तो खाली बसतो आणि पाय पुढे करतो. त्याच्या तळव्यांच्या भेगा गाढवाला पहिल्यांदाच दिसतात, कारण ते रोज त्याच्या पुढे चालत असतं. एवढंच आहे त्यात. मी वाचून थांबले. उजव्या डोळ्यातून पाणी येतच असायचं, त्या दिवशी डाव्यातूनही आलं.

"हे लहान पोरायचं पुस्तक हाय?" आत्याबाईंनी विचारलं.

"हो."

"पोरायले काय समजते यातलं?"

खरंच, मला काही समजलं नव्हतं. बाबांनी ते आम्हाला वाचून दाखवताना त्याच पानावर आवाज हळू का केला असेल, हे मला त्या दुपारी कळलं.

महिना उलटून गेला तरी आरशात काहीच बदललं नाही. तपासणीला गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "काहींना वेळ लागतो. नस हळूहळूच बरी होते. धीर धरा." धीर माझ्याकडचा संपला होता. त्या दिवशी परत आल्यावर मी आरसा पालथा घातला, पांघरूण डोक्यावर घेतलं आणि झोपून राहिले. वाचणार नाही म्हणून सांगितलं. प्रकाश चहा घेऊन आला, दोन मिनिटं उभा राहिला आणि तो चहा स्वतःच पिऊन निघून गेला.

मग आत्याबाई आल्या. पलंगावर बसल्या. पानं उलटल्याचा आवाज आला.

"भुऱ्या गाढव होतं," त्यांनी चित्रं बघत सुरू केलं. "त्यानं कुंभार विकला आन् त्या पैशाची जिलबी घेतली. मंग ते जालन्याच्या गाडीत बसलं. कंडक्टर म्हने, गाढवाले हाफ तिकीट नाही. गाढव म्हने, मले फुल द्या, मी काय भिकारी हाय?"

मी पांघरुणात सहन करत होते. कुंभार विकला जातच नाही! पूर, मडकी, तळवे, सगळं वाहून चाललं होतं. शेवटी मी उठून बसले. "पुस्तक तसं नाही, आत्याबाई!"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. पुस्तक मांडीवरून घसरलं.

"बोल. आखीन बोल."

"पुस्तक तसं नाही म्हणते मी."

"हालला! तुहा व्हट हालला! पका, ये इकडं लवकर, तिचा व्हट हालला!"

आरसा सुलटा केला. उजव्या ओठाचा कोपरा किंचित, मुंगी चालल्यासारखा हलत होता. मी प म्हटलं, पा म्हटलं, पुणे म्हटलं. अजून बरंच फुणे होतं, पण त्यात पुणे दिसायला लागलं होतं. प्रकाश दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि आत्याबाई त्याला सांगत होत्या की जिलबी गाढवाने घेतली म्हणूनच हे झालं.

तिथून पुढे दिवस भराभर गेले. आधी गाल, मग पापणी. ज्या सकाळी चिकटपट्टी काढल्यावर डोळा आपला आपण मिटला, त्या सकाळी मी नुसती बसून डोळा मिटत आणि उघडत होते. पावसाळा सरता सरता साहेबांनी माइक परत दिला. आता जेवताना कधीतरी उजव्या डोळ्यात पाणी येतं, खळखळून हसले की तो जरासा बारीक होतो. डॉक्टर म्हणतात, एवढं राहू शकतं. राहू दे.

ज्यांना हे दुखणं येईल त्यांना माझं सांगणं एवढंच. डोळा जपा, गोळ्या सोडू नका, आणि घरात लहानपणचं एखादं पुस्तक असेल तर ते काढा. एकटे वाचू नका, कुणाला तरी शेजारी बसवा. डॉक्टरांचे आणि त्या तरुण मॅडमचे उपकार आहेतच. आत्याबाईंचे आभार मानायला गेले तर त्या म्हणाल्या, "आभार ठेव तुह्यापाशी. खोक्यात आखीन किती पुस्तकं राह्यली ते सांग." वाचन अजून चालू आहे. आता पडवीत शेजारणीही येतात, कबुतरवालीसुद्धा.

शेवटच्या तपासणीला गेलो तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. समोरच्या बाकावर ओढणीने अर्धा चेहरा झाकून एक मुलगी बसली होती. कॉलेजातली असावी. सोबत आई होती, तिचे डोळे रडून सुजलेले. ओढणी जरा सरकली आणि मला ते वाकडं तोंड दिसलं. मी काही बोलायच्या आत आत्याबाई उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या होत्या.

"भेऊ नको, माय. हे पाह्य, माह्या सुनेचंबी असंच झालं होतं. आता माइकवर बोलते." मग तिचा हात हातात घेऊन विचारलं, "तुले गाढवाची गोष्ट माहीत हाय का?"

मुलीने नाही म्हणून मान हलवली. गोष्ट सुरू झाली. कुंभार, धोतर, दात तपासणारं गिऱ्हाईक, आणि मधेच जालन्याची गाडी. बाकावरचे बाकीचे लोकही ऐकायला लागले. हाफ तिकिटावर ती मुलगी हसली. अर्ध्याच चेहऱ्याने, पण हसली, आणि ओढणी सावरायची विसरली. तिची आई तिच्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं. आत्याबाईंनी तिचा हात सोडला नाही. दाराकडे बघून त्या म्हणाल्या, "थांबा ना जी डॉक्टर, गाढव अजून गाडीतच हाय."