शिट्टी कापणारं सॉफ्टवेअर

घरात कॉम्प्युटर एक आणि त्याच्याबद्दल मतं असणारी माणसं चार असली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. धुळीसारखे आपोआप बसतात!

नव्वदच्या दशकाच्या शेवटीशेवटी लग्न होऊन मी अंबरनाथ पूर्वेला आले. माझे मोठे दीर, भावोजी, जन्मापासून अंध. अंध विद्यार्थ्यांसाठी ते कॉलेजच्या पुस्तकांच्या कॅसेट्स करत. वाचायला मी. कॉम्प्युटरला जोडलेला एक डबा पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवायचा, त्यावर भावोजींचं सगळं चालायचं. पण आवाज कापायचं सॉफ्टवेअर म्हणजे नुसती चित्रं. तिथे डबा मुका! मग माझ्या चुका आणि कुकरच्या शिट्ट्या कापायला ह्यांच्या रविवारची वाट बघायची. भावोजींना हवं होतं नुसत्या अक्षरांवर चालणारं सॉफ्टवेअर. "माझं काम मला करू दे रे," एवढंच म्हणायचे.

*

शोधत शोधत उल्हासनगरला गेलो. दुकानदार सिंधी, उत्साही. "साईं, टेक्स्ट-वेक्स्ट पुराना हो गया! ये कलर देखो, कलर!"

"इसमें काला है ना?" भावोजींनी विचारलं. "मेरे को वही चलता है."

तेव्हा कुठे त्याचं लक्ष पांढऱ्या काठीकडे गेलं. त्याने मुकाट्याने थंडा मागवला.

*

डबा बोलायचा अमेरिकन इंग्रजीत, आणि दिवसभर. शेजारच्या काकूंनी एकदा सासूबाईंना विचारलंच, "पाहुणे आलेत का हो?"

"आलाय एक गोरा," सासूबाई म्हणाल्या. "जेवत नाही, तेवढं बरं."

*

ह्यांचे एक मित्र मोरिवलीच्या कारखान्यात इंजिनिअर. फ्लॉपी घेऊन आले. "दादा, एकदम टेक्स्ट! शंभर टक्के!"

खरंच, डबा घडाघडा वाचायला लागला. स्वागत, नियम, आभार. आणि शेवटी: पुढे जाण्यासाठी माउसने चित्रावर क्लिक करा.

भावोजी म्हणाले, "पत्रिका जुळली, मुलगी पळाली!"

*

शेवटी एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत सापडलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. कुठून कुठपर्यंत ते टाइप करायचं, बस्स. भावोजींनी शिट्टीची जागा ऐकून ऐकून पक्की केली, आकडे टाइप केले, एंटर मारलं.

अख्खा धडा गेला. उरली फक्त शिट्टी! सांगाल तेवढं ते ठेवायचं, बाकीचं काढून टाकायचं.

हे धावले. "दादा, सरका, मी बघतो."

"हात लावू नकोस," भावोजी खुशीत होते. "काय स्वच्छ कापलीय बघ!"

नशीब, मूळ धड्याची कॉपी होती. मग धड्याचे बरोबर तुकडे ठेवून ते जोडायची युक्ती त्यांनीच काढली.

*

महिनाभरात पुस्तक पुरं झालं. ह्यांच्या एकाही रविवाराशिवाय! भावोजींनी सासूबाईंना हॉलमध्ये बसवलं. "आई, ऐक. सगळं मी कापलंय."

टेप सुरू झाला. पण धडा येईचना. येत होत्या शिट्ट्या, खोकले, आणि मधूनमधून माझा आवाज. चुकल्यावर मी स्वतःशीच पुटपुटलेलं सगळं, ओळीने जोडलेलं.

"अर्थशास्त्र वाचायचं म्हणे! इथे दुसऱ्यांदा चहा घ्यायचा तर परवानगी लागते."

"आल्या वाटतं. आता आमटी कशी ढवळावी यावर व्याख्यान."

मी पदराशी चाळा करत जमिनीकडे बघत होते. भावोजींचा चेहरा अगदी निर्विकार. हे तर उठून गॅलरीतच गेले.

कॅसेट संपून खट्कन बंद पडली.

सासूबाई म्हणाल्या, "दुसरी बाजू लाव."