महेशचं कोपर

हे मी कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — तेवढंच धाडस आहे माझ्यात.

मी चिपळूणचा, वेल्डर. सौदीत अबकैकच्या तेल कंपनीच्या कॅम्पात बारा वर्षं काढली. महेश गुहागरचा, परांची बांधायचा, माझ्याच खोलीत राहायचा, मला दादा म्हणायचा. शुक्रवारी आमचं टेनिस बॉल क्रिकेट. बाउंड्रीवरून त्याचा थ्रो यायचा तो थेट माझ्या हातात — तळवा झोंबायचा, आईशप्पथ! एका अमेरिकन इंजिनियरने ते पाहिलं आणि आम्हा दोघांना बेसबॉलला लावलं. महेश चेंडू टाकणारा, पिचर. मी त्याच्यासमोर उकिडवा बसणारा कॅचर. दोन वर्षांनी दमामच्या एका व्यावसायिक संघाने त्याला करारावर घेतलं. परांचीवरून सुटला पोरगा! त्याचा चेंडू मला सवयीचा, म्हणून मलाही घेतलं. राखीव.

आता बघा, चेंडू कुठला टाकायचा हे कॅचर बोटांनी खुणावतो. एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळणारा. नाही पटलं तर पिचरने मान हलवायची, बस. महेशने माझ्यापुढे कधीच हलवली नाही. मोठ्या माणसाला चारचौघांत नाही कसं म्हणायचं? कोच ओरडायचा त्याच्यावर. मला मात्र ते आवडायचं — खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी मुख्य कॅचर आजारी, म्हणून मला संधी मिळाली. बूट बांधताना महेश हळूच म्हणाला, "दादा, कोपरात कळ येतेय. आज वळणारा नको मागू हां."

"बरं," म्हटलं मी.

समोरचा बॅटर सरळ चेंडू बडवत सुटला होता. आणि दुसऱ्या, मोठ्या संघाची माणसं बघायला आलेली. वळणाऱ्यावर तो गेला असता — आणि वाहवा कुणाची झाली असती? डोकं लढवणाऱ्या कॅचरची. मी दोन बोटं दाखवली. महेश माझ्याकडे बघत राहिला. हलव ना रे मान! असं तेव्हा वाटलं होतं का मला? की आत्ता वाटतंय? त्याने टाकला. बॅट हवेत फिरली, बॅटर बाद, आणि महेश कोपर धरून खाली बसला.

इथवर चूक म्हणता येईल. पुढच्याला चूक म्हणत नाहीत.

करारात होतं, दुखणं असेल तर सामन्याआधी संघातल्या कुणाला तरी सांगायचं. लपवलं तर करार रद्द. कोचने मला विचारलं, "तुला काही बोलला होता?" महेश शेजारीच, कोपरावर बर्फाची पिशवी धरून बसलेला.

"नो सर," मी म्हणालो. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

महेशने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग कोचला म्हणाला, "मीच सांगितलं नाही कुणाला."

आठवड्याभरात करार रद्द, व्हिसावर देश सोडायची एक्झिट लागली, गुहागरला रवानगी. खलास. माझी मात्र संघात जागा पक्की झाली, मी अख्खा सीझन खेळलो. चांगला खेळलो.

गेल्या महिन्यात त्याच्या लग्नाला गेलो होतो. सगळ्या पाहुण्यांसमोर मला पुढे बोलावलं त्याने. "ह्या दादामुळे मी बेसबॉल खेळलो," असं सांगितलं आणि पाया पडायला वाकला. कोपर सरळ होत नाही आता, त्यामुळे उजवा हात माझ्या पायापर्यंत पोचला नाही. मी त्याला मध्येच उठवलं नाही. डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.